राखलेली मिशी

परवा सकाळी माझा मुलगा न्हाणीघरातून बाहेर आला आणि माझ्या हातातला चहा बशीत सांडला. त्याच्या ओठावर मिशी नव्हती. पंचविशीतला चांगला उंचापुरा पोरगा, आदल्या दिवसापर्यंत भरघोस मिशी मिरवणारा, आणि आता सोललेल्या अंड्यासारखं तोंड घेऊन टोस्टला लोणी लावत होता.

“अरे, हे काय केलंस?”

“काय केलं? काढली. कंटाळा आला होता.”

“मी अजून जिवंत आहे,” मी म्हणालो.

मी रक्तदाबाची गोळी चुकून दोनदा घेतली की काय, अशा नजरेनं तो माझ्याकडे बघू लागला. बायकोनं स्वयंपाकघरातून हसत सांगितलं, “अरे, त्यांच्या गावाकडे बाप असेपर्यंत मिशीला वस्तरा लावत नाहीत.” पोरानं क्षणभर विचार केला, उठला आणि मला चक्क मिठी मारली. म्हणाला, “बाबा, तुम्ही शंभर वर्षं जगा. पण शंभर वर्षं एकच मिशी नाही हो ठेवता येणार.” ही मिठी मारायची सवय या पिढीला कुठून लागली, देव जाणे. मला अजून ती नीट जमत नाही. अशा वेळी आपले हात कुठं ठेवायचे, याच विचारात मी असतो.

पनवेलला येऊन मला आता बरीच वर्षं झाली. चित्रकलेचा शिक्षक म्हणून नोकरी केली, निवृत्त झालो, गुडघे दुखायला लागले. पण जून लागला आणि खिडकीबाहेर आभाळ दिवसभर काळंच राहू लागलं, की मला बोर्ली पंचतनचा बाजार आठवतो आणि त्या बाजारातलं जनूकाकांचं दुकान. कारण आमच्याकडं हे दिवस बंदीचे. दर्या खवळलेला, होड्या किनाऱ्यावर ओढून झावळ्यांखाली झाकलेल्या, आणि आठ-दहा महिने पाण्यावर असलेली माणसं एकदम घरात. आता सरकार तारीख जाहीर करतं. पूर्वी दर्याच सांगायचा, आणि नारळी पुनवेपर्यंत कुणी पाण्यात पाऊल घालत नसे. सुरुवातीला ही माणसं जाळी विणायची, छपरं शाकारायची. मग तेही संपायचं. बायकांच्या पायात किती दिवस घोटाळणार? “उटा, जरा बाजारात जाऊन या,” असं घरातून ऐकू आलं की ती दिघीहून, भरडखोलहून छत्र्या उघडून बोर्लीला यायची आणि जनूकाकांच्या बाकावर बसायची. दाढी करायची असो वा नसो.

मी असा बंदीच्या आठवणीत असतानाच महादूचा फोन आला. महादू माझा शाळेतला सोबती, दिघीचा. आयुष्यभर होडीवर काढलं, आता मुलगा होडी चालवतो आणि हा किनाऱ्यावर बसून त्याला शिव्या घालतो.

“आय गेली,” तो म्हणाला.

मी काही बोलायच्या आत पुढं म्हणाला, “बरी गेली. झोपेत. कुंकवासकट गेली.” आणि मग, “दहाव्याला ये. मिशी काढायची हाय. जनूकाकाच्याच दुकानात. तू पायजेस.”

महादूची मिशी मी पिसासारखी कोवळी असल्यापासून पाहिली आहे. ती काळी होती, मग करडी झाली, आता पांढरीशुभ्र आहे. तिला कधीही वस्तरा लागलेला नाही. ती न लागण्यामागं एक बंदीचा मोसम आहे.

जनूकाकांचं दुकान म्हणजे कौलांची एक लांबट खोली. दारावर पाटी, समोर शिसवी चौकटीचा मोठा आरसा, मुंबईहून बोटीनं आणलेला. लाकडी खुर्ची एकच. बाकं दोन. खुंटीला चामड्याचा पट्टा, फळीवर तुरटीचा खडा, साबणाची पितळी वाटी आणि एक ट्रान्झिस्टर, जो हवामानाच्या बातम्या सोडून सगळं सांगायचा. पावसाळ्यात तिथं एक वास भरलेला असायचा, ओल्या छत्र्या, साबण, तंबाखू आणि कुणाच्या तरी पिशवीतली सुकी मासळी. “फक्त पुरुषांसाठी” असं कुठं लिहिलेलं नव्हतं. लिहायची गरजच नव्हती. त्या दुकानासमोरून जाताना बायका रस्ता ओलांडून पलीकडच्या बाजूनं जायच्या, आणि आम्हाला त्यात काही वेगळं वाटायचं नाही.

त्या खोलीत मी बाप्यांना जसं पाहिलं तसं कुठंच पाहिलं नाही. घरात माझे वडील म्हणजे खाकरण्याचा आवाज. ते आले की आम्ही उठून उभं राहायचो. मला त्यांनी जवळ घेतल्याचं मला आठवत नाही, आणि त्यांना कुणी जवळ घेतलं असेल असंही वाटत नाही. पण जनूकाकांच्या खुर्चीत ते मान मागं टाकून डोळे मिटून बसायचे. गळ्यावरून उघडा वस्तरा फिरत असायचा आणि चेहऱ्यावर झोपलेल्या पोराचं समाधान. जनूकाका कानशिलं चोळायचे, कपाळ दाबायचे, दोन्ही हातांनी डोकं धरून हलकेच हलवायचे. आमच्या बापांना एवढ्या मायेनं हात लावणारं दुनियेत ते एकच माणूस असावं. मी बाकावरून बघायचो आणि मला थोडासा हेवाही वाटायचा.

आणि तिथं रडता यायचं. हे मला पुष्कळ उशिरा कळलं. कुणाची बायको आजारी, कुणाची पोरगी सासरहून परत आलेली. घरात रडायची सोय नाही, होडीवर तर नाहीच. खुर्चीत बसलं, तोंडाला फेस लागला, डोळे मिटले की कधीकधी मिटल्या डोळ्यांतून पाणी यायचं. अशा वेळी जनूकाका हात न थांबवता विचारायचे, “साबन गेला काय रं डोल्यात?” खुर्चीतला माणूस म्हणायचा, “व्हय, गेला जरा.” मग काका पंचाचं टोक ओलं करून हळूच डोळे टिपायचे. बाकावरचे सगळे तेवढ्यापुरते वर्तमानपत्रात डोकं घालायचे, एकच पान चौघे मिळून. बाहेर जाऊन याबद्दल कुणी अवाक्षर काढत नसे.

मिशीचा कायदा मात्र कडक होता. बाप गेला की डोक्याबरोबर मिशी उतरायची. तोवर कात्री लावा, कोरा, पीळ द्या, पण वस्तरा नाही. ओठाजवळ वस्तरा आणायच्या आधी जनूकाका प्रत्येकाला विचारायचे, “बापूस हाय ना?” रोज दिसणाऱ्या माणसालाही. बाप समोर बाकावर बसलेला असला तरीही. त्यावर हशा व्हायचा, पण उत्तर दिल्याशिवाय वस्तरा पुढं सरकत नसे. इतर गावांत पैज लावताना लोक सहज म्हणायचे, हरलो तर मिशी उतरवीन. आमच्याकडं असं बोललेलं मी ऐकलं नाही. बाजारातले कापडवाले युसूफभाई रोज दुपारी दुकान पोराच्या हवाली करून बाकावर यायचे. त्यांचं उलटं, दाढी छातीपर्यंत आणि मिशी कातरलेली. ते एकदा म्हणाले, “तुमची मिशी बापासाठी, आमची दाढी अल्लासाठी. आपला तोंड आपल्यासाठी कवा असतो काय रे?” सगळे हसले. युसूफभाई नाही हसले.

त्या दुकानातला माझा सगळ्यात आवडता माणूस म्हणजे महादूचा बाप, राघो तांडेल. तांडेल म्हणजे होडीचा प्रमुख. त्याचा बाप लवकर वारला होता, तेव्हा मिशी उतरली ती त्यानं पुन्हा ठेवलीच नाही. कुणी विचारलं तर म्हणायचा, “खाऱ्या वाऱ्यात मिशी म्हंजे तोंडावर मिठागर. निस्तं चाटत बसायचं.” त्यामुळं त्या सगळ्या मिशाळांत हा एकटा गुळगुळीत ओठाचा, रुंद जिवणीचा, आणि हसला की वरचा ओठ डावीकडं जरा जास्त उचलला जायचा. त्याचा फोटो कुणी काढला नाही. लग्नातही नाही. फोटो काढायचा तो सुपारीच्या वाड्या असलेल्यांनी, असा तो काळ.

मी कॉलेज संपवून घरी बसलो होतो तो मे महिना. पाऊस लागायच्या आधीची शेवटची फेरी म्हणून राघो तांडेल दोन खलाशी घेऊन गेला आणि वादळ त्याच्या आधी पोचलं. मुरुडच्या बाजूला होडी पालथी सापडली. खलाशी दोघे दुसऱ्या होडीनं उचलून आणले. त्यांनी सांगितलं, तांडेल फळीला धरून होता, पाणी त्याला बाहेरच्या अंगाला ओढत होतं, मग लाट आली आणि दिसला नाही. एवढंच. मेलेला पाहिला असं कुणी म्हणालं नाही. आणि बंदी लागली.

तो मोसम म्हणजे वाट बघण्याचा मोसम होता. युसूफभाईंचा भाऊ आखातात नोकरीला, तिकडं जाणाऱ्या गलबतांवर त्यांची ओळखपाळख. त्यांनी सगळीकडं निरोप धाडले. वाहून गेलेला माणूस गलबतवाले उचलतात, पण वाट सोडून त्याला परत आणून घालत नाहीत. तो त्यांच्याबरोबर पार परमुलखात पोचतो आणि पुष्कळ दिवसांनी त्याचा पत्ता लागतो, असं पूर्वी झालेलं होतं. महादू रोज दिघीहून चालत यायचा आणि युसूफभाईंच्या तोंडाकडं बघायचा. युसूफभाई मान हलवायचे. मग तो बाकावर बसायचा, संध्याकाळपर्यंत. बाविशीतलं पोर, ओठावर नुकती भरलेली मिशी, आणि सारखी तिच्यावरून बोटं फिरवायची सवय लागलेली.

आता महादूची आई. जनामावशी. बोर्लीच्या बाजारात मासळी घेऊन बसायची. उभी राहिली तर चार पुरुषांना पुरून उरेल अशी, आवाज पार एस.टी. स्टँडपर्यंत पोचेल असा, आणि कपाळावर रुपयाएवढं कुंकू. वादळानंतर तिचा आवाज गेला. कुंकू मात्र तसंच. वाडीतल्या बायका आधी रडल्या, मग कुजबुजू लागल्या. कुंकू ठेवावं की पुसावं हे तिच्या हातात नव्हतं. महादूची मिशी राहिली तर तिचं कुंकू राहणार, मिशी उतरली की त्याच दिवशी कुंकू पुसलं जाणार, बांगड्या फुटणार. पोराच्या ओठावर आईचं कपाळ टांगलेलं होतं. रोज सकाळी पोर उठलं की ती आधी त्याच्या तोंडाकडं बघायची, असं महादूनंच मला सांगितलं.

आषाढ संपत आला तेव्हा राघोचा थोरला भाऊ, धर्माआबा, यानं मनावर घेतलं. नारळी पुनवेच्या आत दर्भाचा पुतळा करून अग्नी द्यायचा. एका दुपारी तो वाडीतली चार माणसं आणि महादूला घेऊन दुकानात आला. बाहेर पाऊस असा की समोरचं दुकान दिसत नव्हतं. मी बाकावर पाळीची वाट बघत होतो, शेजारी युसूफभाई.

“जनू, ह्याची उतरव,” धर्माआबा म्हणाला.

जनूकाका साबणाची वाटी पुसत राहिले. धर्माआबालाच गप्प बसवेना. “माजा भाऊस हाय तो. पान्यात पडलाय. त्याला वाट कोन दाकवनार? ह्यो मिशी राकून बसला तर तो तितंच तरंगत ऱ्हायल.” बोलता बोलता त्याचा आवाज फाटला आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. त्याच्या तोंडाला साबण लागलेला नव्हता, त्यामुळं काय म्हणावं ते कुणालाच सुचेना.

महादू खुर्चीत बसला. काकांनी गळ्याभोवती कापड बांधलं, गालांना फेस लावला, पट्ट्यावर वस्तरा घासला. मग ओठाजवळ हात नेला आणि, सवयीनं म्हणा किंवा मुद्दाम म्हणा, नेहमीचाच प्रश्न विचारला, “बापूस हाय ना?”

महादू आरशात बघत होता. म्हणाला, “ठावं न्हाय.”

त्याच वेळी काकांची नजर आरशात वर गेली. मीही बघितलं. दाराच्या पायरीवर जनामावशी उभी होती. छत्री नाही, इरलं नाही. पाणी केसांवरून निथळत होतं आणि कुंकवाचा ओघळ नाकापर्यंत आलेला. त्या पायरीवर मी आजवर बाई पाहिली नव्हती. ती आत आली नाही. फक्त आरशातल्या पोराकडं बघत राहिली. आरशात पुढं महादूचं फेसाळलेलं तोंड आणि मागं तिचं कपाळ, असं ते दृश्य मी नंतर किती वेळा कागदावर काढून पाहिलं. कधी जमलं नाही.

जनूकाकांनी वस्तरा मिटला.

“ठावं न्हाय म्हनलास तर न्हाय उतरायची,” ते म्हणाले. “राघोला मेलेला ज्यानं पायलाय त्यानं म्होरं यावं.”

कुणी पुढं आलं नाही.

“तू न्हाय तर म्हसल्याचा न्हावी उतरवील,” धर्माआबा म्हणाला. पण आवाजात जोर नव्हता.

“उतरवू दे. माज्या हातून हिचं कुंकू पुसनार न्हाय.” मग महादूच्या डोक्यावर हात ठेवून, “बसलाच हाईस तर कोरून देतो.” आणि खरोखर त्यांनी कात्री घेतली आणि ती मिशी अशी निगुतीनं कोरली, जणू उद्या लग्नाला जायचंय. महादूच्या खांद्यांवरचं कापड हलायला लागलं.

“साबन गेला काय रं डोल्यात?”

“व्हय काका.”

आम्ही सगळ्यांनी वर्तमानपत्रात डोकी घातली. युसूफभाईंनी पेपर उलटा धरला होता. थोड्या वेळानं मी पाहिलं तर धर्माआबा पायरीवर गेला होता, भावजयीच्या डोक्यावर स्वतःची छत्री धरून. “चल जना, घरी चल,” म्हणत होता. स्वतः पार भिजला. म्हसळ्याचं नाव त्यानं पुन्हा काढलं नाही.

राघो तांडेल आला नाही. हे मी आधीच सांगायला हवं होतं, पण महादूच्या घरात ते कधीच सांगितलं गेलं नाही, म्हणून माझ्याही लेखणीला ती सवय. नारळी पुनव आली, होड्या सुटल्या, महादू चुलत्याच्या होडीवर गेला. जनामावशीचा आवाज परत आला. मोसमामागून मोसम गेले. ती कुंकू लावून बाजारात बसायची, हळदीकुंकवाला बोलावलं तर जायची, न बोलावणाऱ्यांच्या पिशवीत मुद्दाम शिळी मासळी टाकायची. महादूचं लग्न झालं, चंद्रावहिनी घरात आली, पोरं झाली. मुंबईत जाऊन आलेली पोरं मिशा काढून यायला लागली, पुढं कुणाला कायदाच आठवेना. महादूची मिशी मात्र जागच्या जागी. लोक तिला पीळदार म्हणायचे, मर्दानी म्हणायचे. एका लग्नात एक पाहुणा म्हणाला, “तांडेल असावा तर असा, मिशी बगा कशी!” महादू घास घेत राहिला. ती मिशी कुणासाठी होती ते आम्हा तिघाचौघांनाच ठाऊक होतं.

मी नोकरीला लागल्यावर तो एकदा पनवेलला आला. म्हणाला, “तू चित्रं काढतोस ना? बापसाचं काड.” मी चार-पाच कागद घालवले. जिवणी रुंद केली, ओठ डावीकडं उचलला. तो प्रत्येक कागद लांब धरून बघायचा आणि ठेवून द्यायचा. “ह्यो न्हाय,” म्हणायचा. शेवटी कबूल केलं त्यानं, “मलाच न्हाय रं आटवत. तोंड जातंय डोल्यासमोरनं. आवाज हाय, चालनं हाय. तोंड न्हाय.” असं म्हणून तो गॅलरीत जाऊन उभा राहिला. तेव्हा मला मिठी मारता आली असती तर बरं झालं असतं. आम्ही चहा प्यायलो.

दहाव्याच्या दिवशी मी पहाटेच्या एस.टी.नं निघालो. म्हसळ्याच्या पुढं धुकं, रस्त्यावर खेकडे आणि खड्डे. बोर्लीला उतरलो तर बाजार ओळखू येतो आणि येत नाही. जनूकाका जाऊन पुष्कळ वर्षं झाली. त्यांचा मुलगा आखातात केस कापून पैसे कमवून आला आणि त्यानं दुकानाला काच लावली. आता नातू बसतो, ओमकार. बाहेर झगझगीत पाटी, “मेन्स स्टुडिओ”. आत थंड हवा, फिरत्या खुर्च्या, मानेमागं नक्षी कोरून घेणारी पोरं. एक जण तोंडाला काळा लेप लावून डोळे मिटून पडला होता, दुसरा भुवया कोरून घेत होता. कोपऱ्यात एक पोर आरशात बघून स्वतःशीच हसलं. आम्ही तसं हसलो असतो तर बाकावरून पाठीत धपाटा आला असता. पण खरं सांगायचं तर मला राग आला नाही. ही पोरं चोळून घेतात, लेप लावून घेतात, आणि त्यासाठी कुणाला सबब सांगत नाहीत. आमच्या बापांना एका दाढीच्या आडोशानं मिळायचं, ते यांनी उघडपणे मागून घेतलं. एक तेवढं गेलं, तोंडाकडं बघून आता कुणाचा बाप आहे आणि कुणाचा नाही हे कळत नाही. शिसवी चौकटीचा आरसा मात्र जागेवर होता. असले आरसे आता फॅशनमध्ये आहेत म्हणे.

महादू आला. डोक्याचं क्षौर किनाऱ्यावर छपराखाली आधीच झालं होतं. मिशी त्यानं राखून ठेवली होती. बरोबर चंद्रावहिनी, ती पावसातच पायरीशी थांबली. काचेच्या दारातून आजकाल आया पोरांना घेऊन सर्रास आत येतात, पण तिची पिढी पायरीवरचीच.

“तिकडं का न्हाय काडलीस?” मी विचारलं.

“जितं राकली तितंच,” तो म्हणाला. “आयचं कपाल होतं तवर ठेवायची होती. आता तिचं काम संपलं. बापसाचंबी देनं ऱ्हायलंय.”

ओमकारनं त्याला त्या आरशासमोर बसवलं. पोरगा गुणी. त्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. “काका, एवढी भारी मिशी काढायची? सेट करून देतो ना,” म्हणाला. महादूनं मान हलवली. लेपवाला पोरगाही एक डोळा उघडून बघू लागला. ओमकारनं फेस लावला आणि ओठाजवळ वस्तरा आणताना त्याचा हात थांबला. बहुधा आजोबांकडून लहानपणी ऐकलेलं काहीतरी आठवलं असावं.

“काका, वडील...?” त्यानं चाचरत विचारलं.

महादूनं डोळे मिटले. “काड तू.”

पांढऱ्या फेसाबरोबर पांढरी मिशी खाली आली. एवढीशी होती. कापडावर पडली तर दिसेनाशी झाली. ओमकारनं ओल्या टॉवेलनं तोंड पुसलं, खुर्ची सरळ केली. महादूनं डोळे उघडले.

मी त्याच्या मागं उभा होतो. आरशात मलाही दिसलं. रुंद जिवणी. गुळगुळीत ओठ. उन्हानं रापलेल्या तोंडात फक्त तेवढी पट्टी कोवळी, आणि ती डावीकडं जराशी वर उचललेली. इतकी वर्षं ते तोंड त्या मिशीखाली होतं. मी कागदावर शोधत होतो आणि तो ते दर्यावर घेऊन फिरत होता.

एक बोट उचलून महादूनं ओठावरून फिरवलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि त्यानं ते लपवलं नाही. दुकानातला गाण्याचा आवाज ओमकारनं बारीक केला. त्याला दुसरं काय सुचणार? आजोबांचंच वाक्य त्याच्या तोंडी आलं.

“काका, साबण गेला का डोळ्यात?”

“न्हाय रं,” महादू म्हणाला. “बापूस आलाय.”

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. कुठं ठेवायचा याचा विचार करावा लागला नाही. त्यानं आरशातूनच दाराकडं पाहिलं. काचेपलीकडं पायरीवर चंद्रावहिनी तशीच उभी होती, सासूसारखीच भिजत.

“ये ग आत,” त्यानं हाक मारली. “सासरा बगितला न्हायस ना तू कवा?”

ओमकारनं जाऊन दार उघडून धरलं. ती पायरी चढून आत आली, आरशासमोर दोन पावलांवर थांबली आणि त्या तोंडाकडं बघत राहिली. मग तिनं हळूच डोक्यावरून पदर घेतला.